खडकवासल्याची वाट घरांतून जाते

ज्या केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं निराधार मुलींना स्वावलंबन शिकविलें, तेथील मुलींनाहि आतां खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जातां येतें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें हें दार उघडलें. २०२५ च्या मे महिन्यांत १७ मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरें करून बाहेर पडली.

परीक्षा मात्र कसोटीची आहे. लेखी परीक्षेस गणिताचे ३०० व इतर विषयांचे ६०० गुण. पुढें निवडमंडळाच्या पांच दिवसांच्या चाचणीसहि ९०० गुण. तेथें पाठांतर चालत नाहीं. अनोळखी मंडळींत मुलगी पुढाकार घेते, कीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते, हें पारखलें जातें.

एकत्र कुटुंबांत आजी, काकू, आत्या मुलीचें प्रत्येक काम हौसेनें उरकतात. त्या मायेला थोडा आवर घालावा. पुण्याचें तिकीट तिला काढूं द्यावें, घरचा हिशेब तिच्यावर सोंपवावा, चुकली तर रागें भरूं नये.

दहावीनंतर पूर्वतयारीसाठीं शासनाची संस्था मुलांकरितां संभाजीनगरास, मुलींकरितां नाशिकास आहे. प्रवेशाचें वय अवघें साडेसोळा ते साडेएकोणीस. वडीलधाऱ्यांचा होकार रेंगाळला, तर मुलीची संधि कायमची जाते, हें घरच्यांनीं विसरूं नये.