नवी गाडी ऑइल खाते तेव्हा

गाडी घेऊन दीड वर्ष झालेलं. मीटरवर जेमतेम १७,००० किलोमीटर. खंबाटकी घाट चढताना एका वळणावर डॅशबोर्डवरचा तेलाच्या बुधलीचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. सातारा गाठल्यावर बॉनेट उघडून काडी ओढावी, तर तिच्या टोकालाही ऑइल नाही. पार्किंगमध्ये कधी थेंब पडलेला दिसला नाही, सायलेन्सरमधून धूर नाही, गाडी पळायलाही चांगली. मग मागच्या सर्व्हिसला भरलेलं ऑइल गेलं कुठे?

ते इंजिनातच जळालं. ऑइल खाणं हा लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा आजार, असा आपला समज असतो. पण तो नव्या गाडीलाही होतो, आणि वॉरंटी असताना पकडला तर कंपनीच्या खर्चाने दुरुस्त होऊ शकतो. त्यासाठी मालकाजवळ एक गोष्ट लागते: किती किलोमीटरला किती ऑइल गेलं, याचा स्वतः मोजलेला आकडा.

लाल दिवा काय सांगतो

तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, पंपाच्या जाळीत ऑइलऐवजी हवा शिरते, दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बरंच ऑइल संपलेलं असतं. काही गाड्यांमध्ये पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो, पुष्कळ गाड्यांमध्ये नसतो. लाल दिवा लागून राहिला तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. पुढचा पंप फक्त पाच किलोमीटरवर आहे, हा हिशोब त्या वेळी करू नका. तेवढ्या अंतरात बेअरिंग जाऊ शकतात.

ऑइल जळतं कसं

पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात आणि सर्वांत खालची ऑइल रिंग बोअरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून काढते. खरवडलेलं ऑइल पिस्टनच्या खाचेतल्या बारीक छिद्रांतून परत चेंबरमध्ये उतरतं. ही छिद्रं कार्बनने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली, की ऑइल भिंतीवरच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. एका वेळी जळतं ते अगदी कणभर. पण चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर त्या मिनिटात ४,००० स्फोट होतात. कणाकणाने लिटर संपायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरी वाट वरून, हेडमधून. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालं की ऑइल दांड्यावरून खाली झिरपतं. तिसरी वाट पीसीव्ही व्हॉल्व्हची. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ परत आत ओढून जाळण्याचं काम हा छोटासा व्हॉल्व्ह करतो. तो अडकला की वाफेबरोबर ऑइलही ओढलं जातं. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सील ही चौथी वाट.

नव्या इंजिनातच हे का होतं

ज्या सुधारणांमुळे मायलेज वाढलं, त्यातल्याच काही इथे आड येतात. पिस्टनच्या रिंगा बोअरवर जितक्या घट्ट दाबल्या जातात तितकं घर्षण जास्त, म्हणून त्यांचा ताण कमी केला गेला. त्याच कारणाने ऑइल पातळ झालं. एके काळी २०डब्ल्यू-४० सर्रास चालायचं, आज कित्येक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागतं. त्यातच ऑइल बदलण्याचं अंतर १०,००० किलोमीटर किंवा त्याहून पुढे गेलं. रचना नेमकी असेल तर हे सगळं व्यवस्थित चालतं, आणि बहुसंख्य गाड्यांत चालतंच. पण रिंगेचा ताण जरा जास्तच कमी ठेवला, किंवा पिस्टनची छिद्रं लहान ठेवली, तर चूक पोटात घालायला जागा उरत नाही.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. टोयोटाच्या २.४ लिटरच्या 'टूएझेड-एफई' इंजिनाने, विशेषतः २००७ ते २००९ च्या कॅमरी गाड्यांमध्ये, इतकं ऑइल खाल्लं की कंपनीला बदललेल्या रचनेचे पिस्टन आणि रिंगा काढाव्या लागल्या आणि त्या दुरुस्तीसाठी वॉरंटी वाढवावी लागली. सुबारूच्या २०११ ते २०१४ च्या काही गाड्यांबाबत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि तडजोडीत इंजिनाची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,००,००० मैल झाली. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाचा वाद थेट ज्यूरीपुढे गेला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने ग्राहकांच्या बाजूने १० कोटी २६ लाख डॉलरचा निर्णय दिला. या मालकांनाही आधी 'असं होतंच' हेच ऐकावं लागलं होतं.

शहरातल्या वापरानेही भर पडते. दोन-तीन किलोमीटरवर ऑफिस, सिग्नलला उभी गाडी, इंजिन धड तापायच्या आत बंद. अशा गाडीत कार्बन लवकर धरतो.

'नॉर्मल'चा हिशोब

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर मिळतं, "थोडं ऑइल लागतंच, नॉर्मल आहे." थोडं ऑइल लागतं हे खरंच आहे, एकही थेंब न जाळणारं इंजिन नसतं. प्रश्न 'थोडं' म्हणजे किती, हा आहे.

काही कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा म्हटलेला असतो. अमेरिकेत १,२०० मैलांना एक क्वार्ट अशी मर्यादा वापरतात, तीही जवळपास तेवढीच. आता हा आकडा एका साध्या छोट्या गाडीला लावून बघा. तिच्या इंजिनात साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं आणि सर्व्हिस १०,००० किलोमीटरला. हजाराला अर्धा लिटर या दराने १०,००० किलोमीटरमध्ये ५ लिटर जळेल. मधे भर घातली नाही तर सर्व्हिसची तारीख येण्याच्या कितीतरी आधी इंजिन कोरडं पडेल. ही मर्यादा कंपनीला वॉरंटीचे दावे निकाली काढायला सोयीची आहे. इंजिनाची तब्येत ठरवायला ती वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

माझ्या मते दोन सर्व्हिसांच्या मधे काडीवरची पातळी थोडी उतरली तर काळजीचं कारण नाही. १०,००० किलोमीटरमध्ये लिटरभर घालावं लागलं तर लक्ष ठेवा. तीन-चार हजारांतच लिटर संपत असेल तर लेखी तक्रार करा, पुस्तिकेत काहीही छापलेलं असो. अगदी कोऱ्या गाडीला मात्र पहिले काही हजार किलोमीटर सवलत द्यायला हवी, कारण रिंगा बोअरला बसायला वेळ लागतो. पण त्या काळात खप उतरत गेला पाहिजे.

काडी आणि कॅलेंडर

गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या उतारावर उभ्या गाडीची काडी खोटं सांगते. इंजिन गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरेल. काडी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर विश्वास ठेवू नका. दर वेळी जागा तीच आणि पद्धत तीच ठेवा. काही महागड्या गाड्यांना काडीच नसते. त्यांत पडद्यावरच्या पातळीचा फोटो घ्यायचा.

काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतर पुष्कळ गाड्यांत लिटरभराचं असतं, पण सगळ्यांत नाही, म्हणून पुस्तिका बघावी. भर घालताना अंदाजाने डबा ओतू नका. मापाने २०० मिली घाला, थांबा, बघा. वरच्या खुणेपलीकडे गेलेलं ऑइल क्रँकने घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि ते पीसीव्हीच्या वाटेने जळतं. सर्व्हिसमध्येच जास्त भरलेलं ऑइल पहिल्या काही दिवसांत उतरलं, आणि मालकाला गाडी ऑइल खाते असं वाटलं, असंही होतं. म्हणून सर्व्हिसहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी काडी बघा.

आपल्या घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहायची पद्धत आहे. ऑइलचा हिशोबही तसाच लिहावा: तारीख, मीटरचा आकडा, काडीवरची पातळी, घातलेलं ऑइल मिलिलिटरमध्ये आणि त्याचा ब्रँड व ग्रेड. काडीचा आणि मीटरचा फोटो काढा, ऑइलच्या डब्याचं बिल जपा. दर ५०० किलोमीटरला एकदा, एवढंच काम.

एक फसवी गोष्ट इथेच सांगतो. छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी टिकल्यासारखी दिसते. मग एकदा नागपूरपर्यंत गाडी पळवली की ते पेट्रोल उडून जातं आणि पातळी धाडकन उतरते. बीएस-६ डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी चक्क वाढते. वाढलेली पातळीही तक्रारीचीच बाब आहे.

धूर कधी दिसतो

निळसर धूर दिसलाच तर त्याची वेळ टिपून ठेवा. सकाळी पहिल्या स्टार्टला फुर्रकन आला आणि थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. घाट उतरताना गिअरवर गाडी रोखून धरली आणि मग ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला, तरी व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. चढावर सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो.

धूर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर जिरवतो. त्याची किंमत तोच मोजतो: ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर बसून तो हळूहळू निकामी होतो, आणि तो सुटा भाग फार महाग असतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय मागायचं

तोंडी बोलणं पुरत नाही. जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: 'अमुक किलोमीटरमध्ये अमुक मिलिलिटर ऑइल कमी झालं.' 'कस्टमर फीडबॅक' असं मोघम लिहिलं तर सही करू नका. कंपनीची या मॉडेलसाठीची मर्यादा किती, ते लेखी मागा. मग खपाची चाचणी मागा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून झाकण आणि काडी सील करतात, १,००० किंवा २,००० किलोमीटर चालवून गाडी परत आणायला सांगतात आणि किती कमी झालं ते मोजतात.

चाचणीआधी बाहेरची गळती तपासून घ्या: टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट, इंजिन-गिअरबॉक्समधलं सील. नंतर पीसीव्ही, प्लग, टर्बोचा पाइप. चारपैकी एकच प्लग ऑइलने काळा असेल तर दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते लगेच कळतं. "कॉम्प्रेशन बरोबर आहे, म्हणजे रिंगा ठीक" हे उत्तर मात्र मान्य करू नका. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. खालची ऑइल रिंग चिकटलेली असूनही कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं.

वॉरंटीच्या काळात मित्राच्या सल्ल्याने जाड ऑइल घालू नका. खप थोडा कमी दिसेल, पण चुकीच्या ग्रेडचं कारण पुढे करून दावा नाकारला जाईल. व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनांना ते मानवतही नाही.

दुरुस्ती आणि दाद

पीसीव्ही बदलणं सर्वांत स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून. रिंगा चिकटलेल्या असतील तर प्लगच्या छिद्रातून क्लीनर ओतून रात्रभर भिजत ठेवतात. कधी गुण येतो, कधी येत नाही. मुळात रचनाच चुकली असेल तर नव्या रचनेचे पिस्टन आणि रिंगा हाच उपाय. जुन्याच नंबरचे भाग परत बसवले जात नाहीत ना, हे बिलावरच्या पार्ट नंबरवरून बघा.

वॉरंटी असूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालते आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. गरज वाटल्यास आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडेही पाठवू शकतो. जॉबकार्डं, बिलं आणि फोटो तारखेनुसार लावलेले असले की वकिलाचं निम्मं काम झालेलं असतं.

रिंगा बदलून गाडी घरी आली की कॅलेंडरवर नवी नोंद सुरू करा. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिल्या हजार किलोमीटरमध्ये थोडं ऑइल जाईल. दुसऱ्या हजारात आकडा उतरला नाही, तर तेच पान घेऊन परत जा.