चौकात पाटी लागली म्हणजे शाखा झाली का? छोट्या पक्षाची गावातली बांधणी कशी चालते, समजून घ्या

वालचंदनगर : जंक्शन, लासुर्णे, कळंब, अंथुर्णे... निवडणूक जवळ आली की या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या छोट्या पक्षाची नवी पाटी चौकात लागते. फटाके वाजतात, शाखाध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. मग पारावर एकच प्रश्न निघतो, "हे निवडून तर येत नाहीत, मग शाखा कशाला काढतात?"

याचं उत्तर आपल्याच मतदारसंघात सापडतं.

२०१४ ला काय झालं होतं?

बारामती लोकसभेत इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २००९ ला सुप्रिया सुळे इथून ३ लाख ३६ हजार ८३१ मतांनी निवडून आल्या. २०१४ ला त्यांच्यासमोर राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर उभे राहिले. पक्ष २००३ ला स्थापन झालेला, मुख्य आधार धनगर समाजाचा. भाजप-शिवसेनेचा पाठिंबा आणि मोदी लाट सोबत होती, पण उमेदवारी रासपचीच, कमळ चिन्ह नव्हतं.

सुळे यांना ५ लाख २१ हजार ५६२ आणि जानकरांना ४ लाख ५१ हजार ८४३ मतं पडली. फरक राहिला ६९ हजार ७१९ चा. म्हणजे ३४ हजार ८६० मतं इकडची तिकडं झाली असती तर निकाल फिरला असता. सहा मतदारसंघांत वाटलं तर एका तालुक्यामागं सहा हजारसुद्धा भरत नाहीत.

"कमळावर लढले असते तर आले असते," असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. पण २०१९ ला भाजपच्या कांचन कुल कमळावरच लढल्या आणि १ लाख ५५ हजार ७७४ मतांनी पडल्या. दोन्ही वेळची परिस्थिती वेगळी होती, हे खरं. तरी नुसत्या चिन्हावर बारामती जिंकता येत नाही, एवढं त्यातून दिसलं.

छोट्या पक्षाला अडचण कुठं येते?

पक्षाची नोंदणी करायला किमान १०० मतदार सभासद लागतात. नोंदणी झाली म्हणजे आयोगाची मान्यता मिळाली असं नाही. मान्यतेसाठी मतांची आणि जागांची अट पार करावी लागते. ती नसेल तर तीन गोष्टी नडतात.

पहिली, चिन्ह. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव असतं. बाकीच्यांना मोकळ्या चिन्हांतून मागून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी तेच मिळेल याची खात्री नाही, त्यामुळं दर वेळी घरोघरी नव्यानं ओळख करून द्यावी लागते.

दुसरी, सूचक. लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. इतरांना त्याच मतदारसंघातले १० मतदार सूचक म्हणून लागतात.

तिसरी, मतदार यादीचं काम. मान्यताप्राप्त पक्षाला प्रत्येक बूथवर यादीसाठी आपला अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो. छोट्या पक्षाच्या कार्यकर्त्याला हे काम साधा मतदार म्हणूनच करावं लागतं.

शिवाय सलग सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेल्या शेकडो पक्षांची नावं आयोगानं २०२५ मध्ये यादीतून काढली. नुसती पाटी लावून पक्ष टिकत नाही, तो असा.

खरी शाखा काय करते?

ती बूथ धरून चालते. कोण मयत झालं, कुठली सून नव्यानं नांदायला आली, कुठला पोरगा १८ वर्षांचा झाला, हे घरटी माहीत असणं म्हणजे बांधणी. नवीन नावासाठी नमुना ६, चुकीच्या नावावर हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी नमुना ८ भरावा लागतो.

वालचंदनगरला हे काम जरा जास्तच. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसवलेली ही वसाहत. कामगार नोकरीला येतात, निवृत्त झाले की गावी जातात, नावं मात्र यादीत राहून जातात. आजूबाजूला ऊस बागायतदार, शेतमजूर आणि वाड्यावस्त्यांवर मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलेली कुटुंबं पावसाळ्याच्या तोंडावर परततात. २०१४ चं लोकसभेचं मतदान १७ एप्रिलला होतं. अशा वेळी कुठलं घर बाहेर आहे, याची यादी ज्याच्याकडं असेल त्यालाच मतांचा अंदाज येतो.

मतदानाच्या दिवशी बूथवर उमेदवाराचा माणूस बसलेला लागतो. मतदान संपल्यावर किती मतं पडली याची १७-सी नमुन्यातली प्रत त्याला मिळते. माणूसच बसवला नाही, तर ती प्रत घेणार कोण?

बांधलं एकानं, गेलं दुसरीकडं

छोट्या पक्षाचं आणखी एक दुखणं आहे. २०१४ च्या विधानसभेला दौंडमधून राहुल कुल रासपकडून आमदार झाले. २०१९ ला ते भाजपकडून लढले आणि ७४६ मतांनी निवडून आले. वर माणूस फिरला की गावातल्या कार्यकर्त्यांची पंचाईत होते. नेत्याबरोबर जायचं की पाटीपाशी थांबायचं? शाखा एकाच माणसाच्या नावावर उभी असेल तर ती त्याच्याबरोबरच जाते. दहा-पंधरा जण नियमित बसत असतील तर राहते.

गावकऱ्यांनी काय बघावं?

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तिथं पॅनेल लढतात. झेडपी आणि पंचायत समितीला मात्र चिन्हं असतात. म्हणून शाखेचं काम गावात आधी ग्रामसभेत दिसायला पाहिजे. कुणी सभासद व्हायला सांगितलं तर एवढं विचारा :

• गेल्या ग्रामसभेत शाखेनं कुठला प्रश्न मांडला?
• आपल्या बूथची मतदार यादी त्यांच्याकडं आहे का?
• मागच्या मतदानाला बूथवर त्यांचा माणूस बसला होता का?
• वर्गणीची पावती मिळते का?

चारपैकी दोनाची उत्तरं जरी सरळ आली, तरी तिथं काहीतरी काम चालू आहे असं समजायला हरकत नाही. आणि पक्ष कुठलाही असो, यादीतलं आपलं नाव आधी तपासून घ्या. ते नसेल तर शाखा असून काय उपयोग?