गल्पर शार्क आणि वटवाघूळ

गल्पर शार्क हा खोल समुद्रातला मासा, तर मोठे भारतीय वटवाघूळ हा उडणारा सस्तन प्राणी. शार्क बहुधा 200 मीटरहून खोल पाण्यात मासे आणि माकूळ खाऊन जगतो. वटवाघूळ दिवसभर वड-चिंचेच्या उंच फांद्यांना उलटे लटकते आणि तिन्हीसांजेला फळांच्या शोधात निघते.

अंधारात दोघांनाही मोठ्या डोळ्यांचा आधार आहे. शार्कच्या हिरवट डोळ्यांत आरशासारखा थर असतो. शिवाय भक्ष्याच्या शरीरातून येणारी सूक्ष्म वीजही त्याला मुस्कटावरच्या छिद्रांतून कळते. वटवाघळे प्रतिध्वनीच्या आधारे उडतात, हा समज मात्र या जातीला लागू नाही. ती नजर आणि वास यांवरच फळ शोधते. फळ चावून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, ही तिची खाण्याची रीत. गिळलेल्या बारीक बिया विष्ठेतून दूरवर पडतात. वड, पिंपळ, उंबर यांचा प्रसार असाही होतो. पाणी पिण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी: उडता उडता पोट पाण्याला घासायचे आणि मग ओली लव चाटायची.

पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. तो पसारा सव्वा मीटरपर्यंत सहज जातो. शार्कला तरंगण्यासाठी हवेची पिशवी नसते. ते काम त्याचे अवाढव्य यकृत करते, कारण त्यातले स्क्वालीन हे तेल पाण्यापेक्षा हलके असते. याच तेलाने त्याच्यावर संकट आणले. सौंदर्यप्रसाधनांसाठी आणि औषधांसाठी त्याला मागणी आहे. मालदीवमध्ये 1980 च्या दशकात यकृतासाठी या शार्कची मासेमारी वाढली आणि थोड्याच वर्षांत साठा कोसळला. तिथे 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी आली.

साठा इतक्या लवकर संपण्याचे कारण प्रजननात आहे. या शार्कची मादी उशिरा वयात येते, गर्भ सुमारे दोन वर्षे वाढवते आणि मोजकीच पिल्ले देते. वटवाघळाचा गर्भकाळ जेमतेम पाच महिन्यांचा, पण वर्षाला पिल्लू बहुधा एकच. आई त्याला काही आठवडे पोटाशी धरूनच उडते. म्हणून दोन्ही जातींत मारलेल्या प्रौढ माद्यांची भरपाई फार सावकाश होते. तरीही भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. बागायतदाराचे नुकसान खरे असले, तरी हा न्याय एकतर्फी होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली.