कान्हेरीची चढण आणि आपला दम



गेल्या नोव्हेंबरात आमच्या विहारातल्या चौदा जणींनी कान्हेरीला जायला नावं दिली. वंदना घ्यायची, डबा खायचा, फोटो काढायचे आणि परतायचं, एवढंच नव्हतं. लेण्यांची पूर्ण फेरी पायी करायची, असं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी विहारात सगळ्यांचं बीपी मोजलं. दोघींचं फारच वाढलेलं निघालं. दोघींनीही "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद केली होती. त्यांना आधी दवाखान्यात पाठवलं आणि आम्ही बारा जणी निघालो.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या कडेकडेने आपल्या किती वस्त्या आहेत! तरी कितीतरी बायांनी लेणी वर चढून पाहिलेली नाहीत. विचारलं की म्हणतात, "दिवसभर पाय थांबत नाहीत, आणखी कशाला चालायचं?" म्हणणं खोटं नाही. पण पाणी भरणं, भांडी, उभ्याने स्वयंपाक यात अंग थकतं आणि काम मात्र तुटक तुटक होतं. हृदयाला आणि फुप्फुसाला लागते ती सलग चाल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास.

आपल्याला हे नवीन नाही. विनयपिटकात कथा आहे. वैशालीत भिक्खूंना रोज पक्वान्नांचं भोजन मिळू लागलं आणि ते आजारी पडू लागले. वैद्य जीवकाने ते पाहिलं आणि चंक्रमणाची, म्हणजे चालण्याची, सोय करावी अशी विनंती तथागतांना केली. ती मान्य झाली. चालण्याचे पाच फायदे तथागतांनी सांगितले आहेत. प्रवासाचं बळ येतं, कष्ट सोसतात, रोग कमी होतात, अन्न पचतं आणि एकाग्रता टिकते. आज डॉक्टर शुगरवाल्याला जेवणानंतर चालायला सांगतात, ते याहून वेगळं काय आहे?

उद्यानाच्या मोठ्या गेटापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आम्ही तिथपर्यंत गाडीने गेलो. पायऱ्या चढल्यावर सुरुवातीलाच तीन नंबरचं चैत्यगृह लागतं. तिथे त्रिशरण-पंचशील घेतलं. मग ओढ्याच्या कडेने वर, काळ्या खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी. दोन्ही अंगाला भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, बसायचे ओटे आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचं टाकं. अशी शंभरावर लेणी आहेत. वरच्या लेण्यांवरून फिरून दुसऱ्या बाजूने खाली आलं की फेरी पुरी होते. थांबत थांबत दोन-अडीच तास लागतात. चढ फार अवघड नाही, पण अंगाची परीक्षा घेतो.

ती परीक्षा आमच्यातल्या एका ताईची झाली. वय छत्तीस, चार घरची धुणीभांडी करते. पन्नासेक पायऱ्यांतच ती खाली बसली. हसून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. माझं वय झालं आता." आम्ही नाडी धरली. मिनिटाला १२८ ठोके. दहा मिनिटं बसवलं तरी ११२ च्या खाली येईना. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढुरकी. नखंही फिकी. दोघी जणी तिला घेऊन हळूहळू खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. बाईचं निदान १२ असावं लागतं. मग बोलता बोलता कळलं की दोन वर्षं तिची पाळी आठ-नऊ दिवस जाते, अंगावरून खूप जातं. कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या बायांचं असंच असतं, असं तिला वाटायचं.

मैत्रिणींनो, थोडं चढल्यावर दम लागणं म्हणजे वय होणं नव्हे. ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. हृदयाचं, दम्याचं, थायरॉइडचंही असू शकतं. तपासल्याशिवाय ते वयाच्या खात्यावर टाकू नका. ताईला पाळीवर उपचार मिळाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीबरोबर लिंबू किंवा आवळा खायचा, गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, शौचाला काळी होते तिला घाबरायचं नाही आणि बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळी सोडायची नाही, हे तिने पाळलं.

तुम्ही निघाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग बरा. बोलणंच तुटायला लागलं तर थांबा. छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर फेरी तिथेच सोडायची आणि दवाखाना गाठायचा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. जवळ साखर किंवा गूळ ठेवावा. चपलेऐवजी बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत, कारण शुगरमध्ये फोड आलेला कळत नाही. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून पाऊल लहान टाका, काठी घ्या. लघवीची अडचण नको म्हणून पाणी न पिणं ही आपली जुनी सवय. ती सोडा.

सोमवारी उद्यान बंद असतं. पावसात खडक निसरडा होतो, ओढा चढतो, तेव्हा फेरी नको. माकडं हातातली पिशवी ओढतात. बिबट्यांचं हे घर आहे, म्हणून एकटं जाऊ नका आणि उन्हं उतरायच्या आत परत फिरा.

मार्चमध्ये ताई पुन्हा आमच्याबरोबर आली. हिमोग्लोबिन ११.६ होतं. तीन ठिकाणी बसली, पण वरपर्यंत पोचली. टाक्याशेजारी बसून तिने विचारलं, "एवढ्या पायऱ्या कोणी केल्या असतील?" कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत आणि कल्याणचा एक लोहारही आहे. त्याने दान दिलं ते वाटेचं. ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारख्याच हातांनी केलीय की."

वाट आहे. पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारातल्या बायांचं बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि मग निघा.

नमो बुद्धाय. जयभीम.