पाय धुता, पण पुसता का?

चेहऱ्यासाठी क्रीम, केसांसाठी तेल, हातांसाठी मेंदी. आणि पायांसाठी? फार तर सणासुदीला नेलपेंट! दिवसभर आपलं अख्खं ओझं वाहणारे हे पाय आपल्याला आठवतात ते दुखले तर, नाहीतर त्यांना वास यायला लागला तर. त्यातही दुखणं चारचौघींत सांगता येतं, वासाचं मात्र कुणी बोलत नाही. पडवीत चपला काढताना पाय हळूच साडीखाली ओढून घ्यायचे, पाहुण्यांकडे गेलं की आधी न्हाणीघर कुठे ते विचारायचं, मुलाचे बूट आले की नाक मुरडून ते मागच्या दारी फेकायचे. इतकाच आपला उपाय.

मैत्रिणींनो, आज या न बोलल्या जाणाऱ्या विषयावर मोकळेपणाने बोलूया. कारण मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे पाय वर्षातले चार महिने ओलेच असतात. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात लावणीचा चिखल, मासळी बाजारातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी, रापणीच्या वेळचं खारं पाणी. बाकीचे आठ महिने दमट हवा आणि घाम.

वास घामाचा नसतो

आपल्याला वाटतं, घाम आला की वास येतो. पण तळपायाचा ताजा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, त्याला वास जवळजवळ नसतोच. दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. हा घाम उघड्या पायावर वाळून जातो. बुटात, मोज्यात किंवा बोटांच्या बेचक्यांत तो अडकून राहतो आणि तिथली कातडी भिजून मऊ पडते. मग आपल्या कातडीवर एरवीही राहणारे जिवाणू भराभर वाढतात. घाम आणि मेलेली कातडी हे त्यांचं खाद्य. ते खाऊन ते जी आम्लं तयार करतात, त्यांचा तो आंबूस, कुबट वास. परदेशात उग्र वासाची काही चीज मिळतात. ती मुरवणारे जिवाणू आणि पायावरचे काही जिवाणू एकाच कुळातले आहेत!

म्हणजे वास येणारी बाई अस्वच्छ असते असं मुळीच नाही. दिवसातून चार वेळा पाय धुणारीच्याही पायाला वास येऊ शकतो, ती ते पुसत नसेल तर. वयात येणाऱ्या मुलामुलींना, गरोदरपणात, पाळी जाण्याच्या काळात घाम जास्त येतो. थायरॉइड वाढलेला असला तरी येतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट. मासे विकणाऱ्या बायकांना एसटीत शेजारी बसू न देणारे लोक मी पाहिले आहेत. माशाचा वास आणि पायाचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाचा वास आम्लाने उतरतो, म्हणून तर आपण हाताला लिंबू किंवा आमसूल चोळतो. तो कामाचा वास आहे, साबण-लिंबाने जातो. ज्यांच्या पाटीतला बांगडा आपण घासाघीस करून घेतो, त्यांच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा आपल्याला काय अधिकार?

एका मुलीची गोष्ट

माझ्या ओळखीतली एक मुलगी सातवीत होती. पावसाळ्यात तिने संगणकाच्या क्लासला जायचं एकदम बंद केलं. कारण सांगेना. शेवटी कळलं, तिथे बूट बाहेर काढून आत जावं लागे आणि मुलं तिला पायांवरून चिडवत. आईने पावडर टाकून पाहिली, बुटात अत्तर शिंपडून पाहिलं. वास दुप्पट झाला! शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तळवे पाहिले, तर टाचेवर आणि चवड्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे. जिवाणूंमुळे होणारा हा त्वचेचा एक साधा आजार आहे. लावायला मलम दिलं आणि बूट-मोजे बदलायला सांगितले. काही आठवड्यांत पाय स्वच्छ झाले. पण तोवर पोरीचा अर्धा पावसाळा मान खाली घालून गेला. मुलगी एखाद्या ठिकाणी जायचं टाळत असेल, तर कधीकधी कारण इतकं लहान असतं.

या अवघडलेपणाची दखल मोठ्या मंडळींनीही घेतली आहे बरं का! दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातले विकाश कुमार आणि त्यांचे विद्यार्थी सार्थक मित्तल यांनी बुटांच्या वासाचा आणि चपलांच्या मांडणीचा अभ्यास केला. विद्यार्थ्यांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी आपल्या किंवा दुसऱ्याच्या बुटांच्या वासाने ओशाळल्याचं सांगितलं. बुटांवर अतिनील किरण सोडून जिवाणू मारणारी मांडणी त्यांनी सुचवली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला 'इग नोबेल' पुरस्कार देतात. 2025 साली तो या दोघांना मिळाला. आपल्याकडे असं यंत्र नसलं तरी खळ्यातलं ऊन आहे. पावसाने उघडीप दिली की कपड्यांआधी बूट उन्हात टाका!

चिखल्या म्हणजे 'होणारच' नाहीत

लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांमधली कातडी पांढरी पडते, सोलते, आग होते, खाज सुटते आणि वासही येतो. शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणतात, "पावसात पाय कुजतलेच गो बाय, त्येका डॉक्टर कित्याक व्हयो?" हेच आपलं चुकतं. चिखल्यांत बहुतेकदा बुरशीचा संसर्ग असतो आणि चिरलेली कातडी म्हणजे उघडं दार. त्या दारातून जंतू आत शिरले की पाय लालभडक होऊन सुजतो, ताप भरतो.

आणि आपल्या जिल्ह्याला लेप्टोस्पायरोसिस नवा नाही. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू शेतातल्या साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भिजून सोललेल्या कातडीतून शरीरात शिरतात. म्हणून चिखल्या सांभाळणं हा नुसता वासाचा प्रश्न नाही. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांसाठी आरोग्य केंद्रातून प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या तिथल्या सल्ल्यानेच घ्या. गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि लहान मुलांनाही देऊ नयेत. जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि शेतात पाण्यात काम करत होते हे आवर्जून सांगा.

काय करायचं?

* घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि मग पुसा. प्रत्येक बोटाच्या बेचकीत कापड घालून पुसा. जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे तुकडे करून न्हाणीघराच्या दाराशी ठेवा. घरात प्रत्येकाचा तुकडा वेगळा. पुसायला अर्धं मिनिट लागतं, पण सगळं त्यातच आहे.

* जोडवी विसरू नका! त्यांच्याखाली पाणी, साबण, चिखल साठतो आणि चिखल्यांची सुरुवात बरेचदा तिथूनच होते. काढायची नसतील तर सरकवून खालची जागा कोरडी करा. जखम असेल तर बरी होईपर्यंत काढून ठेवा, देव रागावणार नाही.

* कामाला जाण्याआधी तेल, आल्यावर कोरडं. चिखलात उतरण्यापूर्वी पायांना खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावली तर पाणी कातडीत कमी मुरतं. काम संपल्यावर मात्र तेल धुऊन काढून पाय कोरडे ठेवा. भेगाळलेल्या टाचांना आपलं कोकमतेल उत्तम, पण ते टाचेलाच, बेचक्यांत नको.

* लावणीत गमबूट रुततात हे खरं. पण बाजारात, गोठ्यात, बांधावर ते वापरा. आत पाणी शिरलं तर ओतून, धुऊन, उलटे टांगून ठेवा. मासळी बाजारात बसणाऱ्यांनी मधूनच दहा मिनिटं गमबूट काढून पाय पुसून मोकळे ठेवावेत.

* मुलांसाठी परवडत असेल तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. एका रात्रीत पावसाळी बूट वाळत नाही. एकच जोड असेल तर आतला तळ काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ते ओले झाले की बदला. चुलीच्या उबेला जरा लांब ठेवा. मोजे नायलॉनचे नकोत, सुती घ्या आणि रोज धुवा. शाळेने परवानगी दिली तर पावसाळ्यात सँडल सगळ्यांत बरी.

* वास जास्त असेल तर पाण्यात चहापावडर उकळून, गाळून, कोमट झाल्यावर त्यात पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवा. चहातल्या तुरट द्रव्याने घाम कमी व्हायला मदत होते. कातडी फाटलेली असेल तर हा प्रयोग नको.

काय करायचं नाही?

चिखल्यांवर रॉकेल, चुना, बॅटरीतलं पाणी असलं काही लावू नका. मेंदीचा पाला वाटून लावायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने थोडं बरं वाटेलही, पण आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि मेडिकलमधून 'खाजेचं मलम द्या' म्हणून मिळेल ते आणू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते आणि मग हटता हटत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो उगाच नाही. बुरशीचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना तर हात जोडून सांगणं आहे. तुमच्या पायांना जखम झालेली कळत नाही. रोज रात्री उजेडात तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा सुनेला, नातवाला बघायला सांगा. गरम पाण्यात पाय बुडवू नका, घरातही अनवाणी फिरू नका. बारीकशी चिखली असली तरी डॉक्टरांना दाखवा. पायाला एकाएकी घाण वास यायला लागला तर तो आत जखम चिघळल्याचा इशारा असू शकतो.

आपल्याकडे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला आपण दारातच सांगतो, "आधी पाय धू." आजपासून त्याला दोनच शब्द जोडा, "आणि पूस." सासूबाईंना, नवऱ्याला, मुलांना सांगा, आणि स्वतःलाही. घरातल्या सगळ्यांचे पाय पुसायला कापड देणाऱ्या बाईचे स्वतःचे पाय ओले राहू नयेत, एवढंच.