काटा भरलेला, पण हवा पोचते का? घरातल्या ऑक्सिजनच्या सामानाची देखभाल

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांना सावंगी (मेघे)हून सुट्टी झाली. फुफ्फुसाचा जुना आजार, सीओपीडी. डॉक्टरांनी घरीही ऑक्सिजन लावायला सांगितलं, मिनिटाला दोन लिटर, आणि तसं कागदावर लिहून दिलं. घरच्यांनी कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं आणला, आणि लाईट गेली तर असावा म्हणून एक छोटा सिलेंडर.

दुसऱ्याच रात्री लाईट गेली. मुलानं सिलेंडर सुरू केला. काटा भरलेला, फ्लोमीटरमधली गोळी दोनवर, बाटलीत बुडबुडे येत होते. सगळं बरोबर. आणि तरी बोटावरचं मशीन ८९ वरून ८६, मग ८४ दाखवायला लागलं. एक जण १०८ ला फोन लावतोय, एक जण गोळी पाचवर न्या म्हणतोय. शेवटी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं नाकातली नळी काढून पाण्याच्या ग्लासात बुडवली. एकही बुडबुडा नाही! बाटलीचं झाकण आट्यांवर तिरपं बसलं होतं, अन् सगळा ऑक्सिजन तिथूनच खोलीत जात होता. झाकण काढून सरळ बसवलं, ग्लासात बुडबुडे आले, नळी परत लावली. दहा मिनिटांत ९० झाले.

दवाखान्यात हे सगळं सिस्टर बघते. घरी कोण बघणार? म्हणून हा लेख.

आता थोडं लांबचं उदाहरण घेऊ. मालवण-तारकर्लीला समुद्रात स्कुबा डायव्हिंग करतात, तुमच्यापैकी काही जण सहलीला जाऊन आलेही असतील. त्यांच्या पाठीवरच्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. पण बाकी सामान आपल्या घरातल्यासारखंच: दाबाचा सिलेंडर, वर व्हॉल्व्ह, त्यावर रेग्युलेटर, काटा, रबराची रिंग, नळी. नातंही जुनं आहे. १९४३ च्या सुमारास फ्रान्समध्ये कुस्तो यांच्यासोबत ज्यांनी पाणबुड्यांचा रेग्युलेटर बनवला, ते एमिल गान्यां हे ऑक्सिजन बनवणाऱ्या ‘एअर लिक्विड’ कंपनीतलेच इंजिनिअर होते.

पाणबुड्यांची एक सवय आपण घ्यावी अशी आहे. पाण्यात उतरण्याआधी ते नुसता काटा बघत नाहीत. काट्याकडे बघत तोंडातून दोन-चार श्वास घेतात. श्वास घेताना काटा खाली झुकला तर समजायचं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. आणि एकाचं सामान दुसरा तपासतो. म्हणजे सिलेंडरपाशी काय आहे ते न बघता माणसापाशी काय पोचतं ते बघायचं. आपल्या घरी त्याचं रूप म्हणजे तो पाण्याचा ग्लास. नळी लावण्याआधी तिची टोकं पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसले की पुसून नाकाला लावा. सिलेंडर बदलला, बाटली धुतली, नळी हलवली, की दर वेळी.

बुडबुडे नसतील तर मागे मागे जात शोधायचं. नळी खाटेच्या पायाखाली किंवा उशीखाली दबली आहे का? बाटलीचं झाकण? बाटली आणि फ्लोमीटरचा जोड? मग सिलेंडर आणि रेग्युलेटरचा जोड. तिथून सूं-सूं आवाज येत असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, रेग्युलेटर काढा आणि आतला वॉशर बघा. चिरलेला किंवा दबून चपटा झालेला असेल तर बदला. छोट्या पिनवाल्या व्हॉल्व्हला एकच वॉशर लागतो. गळती थांबावी म्हणून दोन घालणं, नळाची पांढरी टेप गुंडाळणं, पान्यानं ताकद लावून आवळणं, हे आपले नेहमीचे जुगाड इथं चालत नाहीत. आणि तेल तर अजिबात नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेला-ग्रीसला लागला तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. डोक्याला तेल लावलेले हात, अत्तर लावलेली बोटं, व्हॅसलीन, सगळं आधी साबणानं धुवून हात कोरडे करा, मगच व्हॉल्व्हला हात लावा. नाक कोरडं पडतं म्हणून अम्मी लोक प्रेमानं व्हॅसलीन लावतात, त्याऐवजी पाण्याचं जेल मेडिकलमध्ये मागा.

जुम्मेरातीला ज्या घरात लोबान जळतं, तिथं लोबान दुसऱ्या खोलीत. अगरबत्ती, बिडी, गॅसची शेगडीसुद्धा लांब. बिडीचं जरा स्पष्टच बोलू: ऑक्सिजन लावून बिडी ओढणाऱ्याची दाढी पेटलेली डॉक्टरांनी पाहिलेली आहे.

नवीन सिलेंडरला रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करायचा, तोंड माणसांपासून दुसरीकडे करून. तोंडात बसलेली धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर लावून व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, एकदम झटक्यानं नाही. काम झालं की आधी सिलेंडर बंद, मग नळीतला उरलेला ऑक्सिजन जाऊ द्यायचा आणि शेवटी गोळी शून्यावर. तेव्हाही काटा शून्यावर येत नसेल तर तो काटा अडकलेला आहे. असा रेग्युलेटर परत करा, कारण उद्या रिकामा सिलेंडरही तो भरलेला दाखवेल.

हिशेब प्रत्येकाला आला पाहिजे. छोट्या, म्हणजे बी टाईप सिलेंडरमध्ये साधारण १० लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, आणि तो १५० च्या दाबानं भरतात. १० गुणिले १५० म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दोन लिटरनं ७५० मिनिटं, साडेबारा तास. काटा ५० वर आला की उरले ५०० लिटर, म्हणजे चार तासांच्या जवळपास. मोठा जम्बो ७००० लिटरचा, दोन लिटरनं अडीच दिवसांच्या आसपास जातो. सिलेंडर पार रिकामा होऊ देऊ नका, थोडा दाब राहू द्या, नाहीतर आत ओल शिरते. आणि सॅच्युरेशन उतरलं म्हणून आपल्या मनानं फ्लो वाढवू नका. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटला डॉक्टर ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवायला सांगतात, जास्त ऑक्सिजननं त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. नळी, बाटली, सिलेंडर सगळं बघूनही आकडा वर येत नसेल, ओठ निळे पडत असतील, पेशंट बरळत असेल तर थांबायचं नाही, १०८. (नखाला नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असेल तर आधी दुसरं बोट लावून बघा.)

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन साठवत नाही. खोलीतली हवा खेचून त्यातला नायट्रोजन अडवतो आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन देतो. आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. भिंतीपासून फूटभर तरी लांब ठेवा, पडद्याआड नको. कूलरच्या झोतासमोर तर नकोच, कारण ओलाव्यानं आतले दाणे खराब होतात. मागची जाळी आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून बसवा, शक्य असेल तर दोन जाळ्या ठेवा. पिवळा-लाल दिवा लागून मशीन ओरडायला लागलं की आवाज बंद करून झोपू नका, सिलेंडरवर घ्या. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, पंखा-ट्यूबलाइटसाठी घेतलेला इन्व्हर्टर रात्रभर पुरेल असं धरू नका. बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, जुन्यात नवीन ओतायचं नाही. डिस्टिल्ड पाणी, नाहीतर उकळून गार केलेलं.

आता जमातीच्या खोल्यांत आणि ट्रस्टच्या गोदामात पडलेल्या सिलेंडरांबद्दल. २०२१ च्या त्या एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या प्यारे खान यांनी टँकरनं ऑक्सिजन पोचवला, आणि गावोगावच्या मशिदींनी, तरुणांच्या गटांनी सिलेंडर गोळा करून जात-धर्म न विचारता वाटले. गळती काय करते हेही त्याच महिन्यात दिसलं: २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा थांबला आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. तेव्हाचे सिलेंडर आज कुठं कुठं धूळ खात आहेत, कुणी मागितला की तसेच दिले जातात. नियमाप्रमाणे ऑक्सिजनच्या सिलेंडरची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबानं चाचणी करावी लागते, आणि तिची तारीख सिलेंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. २०२१ चा शिक्का असेल तर मुदत २०२६ पर्यंत. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या शेजारी नागपूरलाच आहे. मुदत संपलेला सिलेंडर परवाना असलेला भरणारा भरत नाही, भरूही नये. जो बिनधास्त भरून देतो त्याच्यापासून लांब राहा. दवाखान्याचा सिलेंडर काळा आणि खांदा पांढरा असतो. कारखान्याच्या, वेल्डिंगच्या सिलेंडरला रंग मारून घरी आणू नका. आणि ज्या जमातीकडे असे सिलेंडर असतील त्यांनी ते उभे करून साखळीनं बांधावेत आणि वहीत प्रत्येकाचा नंबर, चाचणीची तारीख, कुणाकडे दिला ते लिहावं. पडून असलेला कॉन्सन्ट्रेटर महिन्यातून एकदा अर्धा-एक तास चालवून बघावा.

हिंगणघाट, आर्वी, यवतमाळकडून सावंगीला पेशंट आणताना सिलेंडर सीटपाशी घट्ट बांधा, डिक्कीत आडवा टाकू नका, खिडकी थोडी उघडी ठेवा. निघताना काटा बघून वरचा हिशेब करा आणि रस्त्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन धरा, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंतही तोच पुरवायचा असतो.