विजेचे बिल नेमके कुठे वाढते

एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटचा दर सर्वांत कमी असतो. 101 ते 300 या टप्प्यात तो बराच वाढतो आणि पुढे आणखी चढतो. वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो. म्हणूनच वाचवलेले प्रत्येक युनिट बिलातले सर्वांत महागडे युनिट असते, आणि ही गोष्ट फार थोड्या घरांत लक्षात घेतली जाते.

बचतीची सुरुवात पंख्यापासून करणे उत्तम. जुना 75 वॅटचा पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला 27 युनिट खातो; 30 वॅटचा बीएलडीसी पंखा जेमतेम 11. असे तीन पंखे बदलले, तर महिन्याला जवळपास 50 युनिट वाचतात. पंखा महाग पडतो हे खरे, पण उन्हाळ्यात रात्रंदिवस पंखे चालणाऱ्या घरात तो खर्च लवकर भरून निघतो. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. आंघोळी लागोपाठ उरकल्या तर पाणी पुन्हा तापवावे लागत नाही. एसी 24 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा.